सूचकाचं नाव

आमच्या खैरबोडीत मानसाले एक टाइम भात नसला तरी चालते, पन पाम्प्लेटात नाव पायजे. दिवाळी झाली का मंडई, म्हंजे गावची जत्रा, भरते, मंडईले वडशाची नाटक कंपनी येते, अन् नाटकाच्या आधी घरोघरी गुलाबी कागद वाटत फिरतेत. त्याच्यावर नटाईची नावं खाली बारीक, अन् वर मोठ्या अक्षरात गावातल्याच मानसाईची. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीप लावनारा, हार घालनारा. कोनी पन्नास रुपये दिले का झाला तो सहउद्घाटक. देवाजी तं एका वर्षी "प्रमुख पाहुणे" होता, बाप्पा, स्वतःच्याच गावात! मले वाचता येत नाई, तरी दरसाल तो कागद मी शेजारच्या वच्छलेकडून वाचून घेत होती. बाईचं नाव कधीच निंघे नाई.

हे मी पहिले काऊन सांगून राह्यली? कारन पुढं जे झालं ते ह्या नावाच्या सोसापायी झालं. आमचा तलाव पनाले लागला तो काही चोरानं नाई लावला. कोनं लावला ते सांगाले बसली, तं सुरुवात इथूनच करा लागते.

मी ताराबाई, ढीवराची. आमच्या मोहल्ल्यात तीस घरं, सारी तलावावर जगनारी. पावसाळ्यात मरळ, हिवाळ्यात शिंगाडे, उन्हाळ्यात झिंगे. पंचायतीले वर्षाचे ठरलेले हजार रुपये सारे मिळून भरा, अन् तलाव आमचा. माह्या आज्याच्या काळापासून हेच. आमचा मानूस, म्हंजे रिंकूचा बाप, डोंग्यावरून जाळं टाके, अन् मी टोपली डोक्यावर घेऊन घरोघरी विके. रिंकूचा बाप म्हनते मी, कारन नवऱ्याचं नाव आमी तोंडातून काढत नाई. लग्नात उखान्यात एकदा घेतलं होतं, तेबी सासूनं चिमटा काढला तवा. त्याच्यानंतर सव्वीस वर्सं नाई घेतलं.

अन् आनखी एक. मासोळी विकनारी बाई गिऱ्हाइकाचं तोंड पाहात नाई, हात पाहाते. कोनता हात कल्ला उघडून पाहाते, कोनता हात दोन झिंगे जास्तीचे उचलते, कोनता हात पैसे देताना थरथरते, हे मले पाठ हाये. अक्षर मले वळखू येत नाई, पन गावाचे हात मी अंधारात वळखीन.

सन सत्त्यान्नवमंदी पंचायतीत बाईची जागा निंघाली आमच्या वार्डातून. कोनी उभं राहे नाई, मले उभं केलं, निवडून आली. सही शिकली. चार अक्षरं काढाले मले आठ दिवस लागले, पन अंगठा नाई लावला मी कधी. सरपंच झाले गुनवंतराव. राइस मिल त्याईची, कडक इस्तरीचा शर्ट, अन् आवाज असा मोठा का समोरच्याच्या तोंडातून "हो" आपोआपच निंघे.

आता अठ्ठ्यान्नवची गोठ. पंचायतीत मीटिंग होती. नऊ मेंबर, त्यात बाया तीन, आमी तिघी दाराजवळ सतरंजीवर. गुनवंतराव उभे झाले अन् म्हनले, "गावावर घरपट्टीचा बोजा लय झाला. मी घरपट्टी निम्मी करून राह्यलो. दीडशाचे पंचाहत्तर!"

टाळ्या! मीबी वाजवल्या. काऊन नाई वाजवीन? पंचाहत्तर रुपये म्हंजे त्या टाइमले एक लुगडं.

ग्रामसेवक साहेब चंद्रपूरचे, हळू बोलनारे. ते म्हनले, "साहेब, पट्टी निम्मी केली तर विहिरीवरच्या पंपाचं बिल कुठून भरायचं? दिव्यांचं कुठून?"

गुनवंतराव हासले. "कर्ज काढू ना. जिल्ह्याच्या निधीतून एक लाख भेटते, व्याज कमी. त्याचे बाजारात गाळे बांधू. गाळ्याचं भाडं येईन, त्यातून कर्जबी फिटन अन् दिवेबी जळन. हाये का नाई?"

"हाये!" सारे म्हनले.

"कर्जाला तारण लागेल," साहेब म्हनले. "गावतलावाच्या मासेमारीचं उत्पन्न लिहितो."

तलाव हा शब्द माह्या कानावर आला. खोटं नाई सांगत, आला. इचारा लागत होतं का साहेब, तलावाचं का लिवून राह्यले? तोंड उघडत होती, तेवढ्यात साहेबानं पेन उचलला अन् म्हनले, "सूचक म्हणून कोणाचं नाव टाकू?"

बस्स. सूचक! असा भारी शब्द! मले वाटलं हेबी पाम्प्लेटासारखंच. उद्घाटक, सहउद्घाटक, तसा सूचक, अनुमोदक. मानाचं नाव. तिकडं देवाजी मेंबरानं हात वर केला होता, "माहं टाका." त्याचं पाहून दुसरा म्हने माहं टाका. माहं टकुरं सनकलं. म्या म्हटलं, "हरवेळी मानसाईचंच काऊन? गावात बाया मेल्या का? ह्या बारीले माहं नाव टाका, नाई तं मी इथून उठत नाई!"

गुनवंतरावानं हात जोडले. "टाका साहेब, टाका. ताराबाईचं टाका. पहिला मान बाईले."

"पूर्ण नाव सांगा, बाई."

"ताराबाई."

"पुढे? नवऱ्याचं?"

मी पदर तोंडाले लावला. साऱ्या मीटिंगीत हासू. दारात वच्छला उभी होती, माही शेजारीन, मासोळीच्या धंद्यातली जोडीदारीन; तिनंच नाव सांगितलं, अन् साहेबानं लिवलं. मी खाली चार अक्षरं काढली, इतकी मन लावून का जीभ बाहेर आली होती म्हने. मंग पेढे वाटले. पह्यला पेढा मले.

घरी येऊन मी सांगितलं, माहं नाव सूचक म्हनून लागलं. रिंकूचा बाप जाळ्याची गाठ मारून राह्यला होता. मान वर न करता म्हने, "तलावाचं का लिवलं ते इचारलं का?"

"तुमाले का समजते त्यातलं?" म्या म्हटलं. "नाव माहं लागलं तं पोटात दुखून राह्यलं का?"

तो पुन्हा गाठ माराले लागला. तो तसाबी चूपच राहे.

त्या साली मंडईच्या पाम्प्लेटात, वच्छलेनं वाचून दाखवलं, सगळ्यात वर होतं: "उद्घाटक, घरपट्टी निम्मी करणारे लोकप्रिय सरपंच, मा. गुणवंतराव." म्या म्हटलं, "अन् सूचक?" वच्छला म्हने, "सूचक नाई वं कुठी." मले राग आला, पन जाऊ द्या म्हटलं, पंचायतीच्या बुकात तं हाये.

गाळे बांधले. पाच. एकात बकऱ्या बसत, एकात गुनवंतरावाच्या मिलचा कोंडा. बाकीच्या तिनाईले शटरच लागलं नाई. अव, आठवड्याले एकदा भरनारा बाजार, तिथी गाळा भाड्यानं घेऊन कोन बसन? भाडं आलं नाई. घरपट्टी अर्धी, तेबी अर्धे लोक भरत नाई. वरून निधीवाले हप्ता मागत. पह्यले रस्त्याचे दिवे गेले, मंग पंपाचा कनेक्शन कापला. लोक म्हनत, सरकार लय खराब हाये. मीबी म्हनत होती. पंचाहत्तर रुपये वाचले हे कोनी म्हने नाई, ते तं आपल्या हक्काचेच वाटाले लागले होते.

अन् मंग दोन हजार एकच्या होळीनंतर पंचायतीच्या भिंतीवर कागद लागला. वच्छलेनं वाचला अन् तिचं तोंड पांढरं पडलं. गावतलावाचा लिलाव. जुलैपासून पाच वर्साचा ठेका, जो जास्त बोलन त्याले.

"आपला तलाव?" म्या म्हटलं.

"आपला."

"अव माय! अन् आपन?"

वच्छलेचा मानूस मेला होता, दोन लेकरं, अन् तिच्याजवळ फक्त एक टोपली. तलाव गेला का तिचं सारंच गेलं.

मंग माहा पारा चढला. मोहल्ल्यातल्या बाया जमवल्या, पंचवीसेक. टोपल्यांसकट पंचायतीवर गेली. साहेबाच्या टेबलावर कालची शिळी मासोळी ओतली, असा वास सुटला का चपराशी बाहेर पळाला. गुनवंतराव बसले होते खुर्चीत.

म्या म्हटलं, "कोनं गहान ठेवला आमचा तलाव? नाव सांगा त्या मानसाचं!"

गुनवंतराव म्हनले, "शांत व्हा, बाई. ठराव झाला होता."

"कोनं केला ठराव? कोनाच्या बापाचा तलाव होता? नाव सांगा! साऱ्या गावासमोर त्याच्या तोंडाले शेन फासीन, गधड्यावर बसवीन! मी ताराबाई हाये, खोटं नाई बोलत!"

"फासा! फासा!" बाया ओरडून राह्यल्या होत्या.

साहेब माह्याकडं पाहून राह्यले होते. असे पाहात होते का मले वाटलं, ह्याईची तब्येत बरी नसन. मंग म्हनले, "बाई, वाचायलाच हवं का?"

"वाचा! आत्ताच वाचा! मोठ्यानं वाचा!"

त्याईनं कपाटातून लाल बुक काढलं, पानं पलटवली, अन् वाचलं. मले तो शब्दन् शब्द पाठ हाये आता. "ठराव क्रमांक सात. घरपट्टी पन्नास टक्के कमी करण्यात यावी. येणारी तूट भरून काढण्यासाठी एक लाख रुपये कर्ज घेण्यात यावे. हप्ता थकल्यास परतफेडीसाठी गावतलावाच्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव करण्यात यावा." मंग थांबले. मंग म्हनले, "सूचक, सौ. ताराबाई." अन् पुढं रिंकूच्या बापाचं नाव, आडनावासकट.

पंचवीसही बाया माह्याकडं वळल्या. मले पह्यले वाटलं, दुसरी कोनी ताराबाई असन. खरंच सांगते, मी इकडंतिकडं पाहिलं. मंग म्या बुक ओढलं. खाली माही चार अक्षरं होती, "ई"ची शेपटी वाकडी, आठ दिवस घोटून काढलेली. ते माहंच होतं.

म्या म्हटलं, "सूचक म्हंजे का, साहेब?"

"ज्यानं ठराव मांडला तो, बाई. म्हणजे असं व्हावं असं जो सुचवतो तो."

"म्या सुचवलं?"

"कागद तसंच म्हणतो."

वच्छला माह्या बाजूले उभी होती. ती हळूच म्हने, "शेन आनू का वं, तारा?"

मारलं असतं तरी असं लागलं नसतं. ती गेली. तिच्यामागं साऱ्या गेल्या. मी टेबलावरची मासोळी एकटीनं उचलली, टोपलीत भरली, अन् फडक्यानं टेबल पुसला.

मोहल्ल्यात कोनी बोले नाई. माह्या हातची मासोळीबी घेत नव्हते काही लोक. इतवारी, आमच्या ढीवराईतला बुढा, मले पाहून थुकला. रिंकूचा बाप "म्या तवाच म्हटलं होतं" असं एकदाबी म्हनला नाई. म्हनला असता तं बरं झालं असतं. त्याच दिवसाईत लिलावात बोली लावनाऱ्या ठेकेदाराचा मुनीम मोटरसायकलीवर यायला लागला. तलाव पाहे, अन् रिंकूच्या बापाले खोली इचारे, कुठी गाळ हाये, कुठी मरळ बसते. दोनदा आमच्याच ओट्यावर चाहा पेऊन गेला. म्या म्हटलं, "ह्याले काऊन सांगता?" तं म्हने, "दारी आलेल्या मानसाले हाकलू का?" तेबी खरंच होतं म्हनून मी चाहात साखर टाकली.

मी साहेबाकडं गेली एकटीच. म्हटलं, रस्ता दाखवा.

साहेब म्हनले, "एकच रस्ता आहे, बाई. एक मेला ग्रामसभा आहे. घरपट्टी पुन्हा दीडशे करायचा ठराव मांडा. चारशे घरं, वसूल झाली तर हप्ता निघतो. हप्ता भरला की लिलाव करायची गरज नाही."

बाहेर निंघाली तं गुनवंतराव उभे. मोठ्या मायेनं म्हनले, "ताराबाई, कायले जीवाले लावून घेता? एक कागद लिवून द्या. मले वाचता येत नाई, मले समजलं नाई, माही सही फसवून घेतली. तुमचं नाव सुटन."

"अन् तुमचं?"

"माहं कुठी हाये? मी तं अध्यक्ष होतो फक्त. अध्यक्ष का करते? हार घेते."

अन् हासला मेला! घरपट्टी निम्मी करनारा म्हनून ज्याचं नाव गुलाबी कागदावर, कर्जाच्या कागदावर त्याचं बोटबी नाई. म्हंजे गुळ खाऊन गेला तो, अन् मुंग्या माह्या हातावर.

खरं सांगू? लिवून द्यावं असं एक दिवस वाटलं. वच्छला पुन्हा बोलली असती. पन फसवून कुठी घेतली होती? मी भांडून घेतली. देवाजीचा हात खाली पाडून घेतली. तलाव हा शब्द कानावर आला तरी घेतली. पंचाहत्तर रुपयाचं लुगडंबी नेसली मी. नाई दिलं लिवून.

एक मे. उन्हं अशी का पायाले चटके. शाळेसमोरच्या कडुलिंबाखाली ग्रामसभा, एवढी मोठी कधीच भरली नव्हती. साहेबानं घरपट्टीचा विषय सांगितला, हप्त्याचं सांगितलं, लिलावाचं सांगितलं. मंग पेन उचलला.

"सूचक म्हणून कोणाचं नाव टाकू?"

तेच इचारलं. अन् पाहा बाप्पा, ज्या देवाजीनं तवा "माहं टाका" म्हनून हात वर केला होता, तो आता चपलेचा अंगठा पाहून राह्यला होता. मले सोडून आठ मेंबर, आठहीच्या आठ मुंड्या खाली. पट्टी वाढवनारा म्हनून नाव कोनाले पायजे? पुढच्या साली निवडनूक होती.

मी उठली. "टाका माहं. पह्यलंबी माहंच होतं."

"अनुमोदक?"

कोनी नाई. मी मोहल्ल्याकडं पाहिलं. महिन्याभरात ज्याईनं माह्याशी तोंड उघडलं नव्हतं ते सारे तिथंच बसले होते. साहेब पेनाचं टोपन लावत होते, तवा मागून आवाज आला.

"माहं लिवा." वच्छला. "पन साहेब, पह्यले वाचून दाखवा. वरून खालपर्यंत. मंग लिवा."

साहेबानं वाचलं. सारा ठराव, एक एक वाक्य. वच्छला कमरेवर हात ठेवून ऐकत होती, समजलं नाई तिथं थांबवत होती. आमच्या गावात ठराव असा पूर्न वाचला तो पह्यल्यांदाच. माह्या डोळ्याले पानी आलं. म्या म्हटलं, तलाव वाचला.

"ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावा."

एक्कावन.

"विरोधात?" कोनी हात वर केला नाई. हजर मानसाईच्या अर्ध्याच्या वर हात पायजे, म्हनून साहेबानं बाकीचे मोजले, अठ्ठावन. त्याईनं हात खालीच ठेवले होते, मांडीवर, गुडघ्यावर, काही तं पाठीमागं. सात मानसानं ठराव पडला.

मले काही समजेच ना. आमचीच मोहल्ल्यातली पंचावन्नाच्या वर मानसं आली होती, अन् हात एक्कावन. त्यात दोन-चार बाकी गावातलेबी. गावातल्यानं नाई दिला ते समजते. त्याईले पंचाहत्तर रुपये प्यारे, मासोळी काय बाजारातूनबी भेटते. पन आमचे सारे? म्या पुन्हा पाहिलं. आमच्याईतलेबी नऊ हात खाली होते.

म्या म्हटलं, "साहेब, नाई म्हननाऱ्याईची नावं लिवा."

"तशी पद्धत नाही, बाई. ठराव नामंजूर, एवढंच लिहितात. सूचक ताराबाई, अनुमोदक वच्छला."

अव माय माय! म्हंजे तलाव वाचवाले उठल्या त्या दोन बायाईची नावं बुकात, अन् बुडवला त्याईचं नाव कुठीच नाई? पंचाहत्तर रुपयासाठी टाळ्या वाजवल्या त्याईचंबी नाई, अन् आज हात दाबून बसले त्याईचंबी नाई?

"तुमची पद्धत नसन," म्या म्हटलं. "माही हाये."

अन् मी सुरू झाली. म्या सांगितलं ना, हात मले पाठ हायेत. "गुनवंतराव. हात खाली. देवाजी. खाली. धनराज, तुहा खाली. हेमराज, पाठीमागं नको लपवू, दिसून राह्यला." लोक चुळबुळ कराले लागले. कोनी म्हने, "बाई पागल झाली." गुनवंतराव म्हनले, "बसा खाली!" मी बसली नाई. एकेकाजवळ जाऊन, हाताकडं बोट करून, अठ्ठेचाळीस नावं घेतली, उनपन्नास घेतली, गळा सुकला. मंग मोहल्ल्याकडं वळली.

"इतवारी, माह्यावर थुकला होतास ना? तुहा खाली. वारलू, खाली. मंगली, तुहाबी वं? खाली." ते एकमेकाकडं पाहाले लागले. मंगली रडत म्हने, "मुनीम जाळं ओढाच्या कामावर घेतो म्हने, रोजानं." आता समजलं. ज्या तलावाचे मालक होतो त्याच तलावावर रोजानं! आपलेच दात अन् आपलेच ओठ.

आठ झाले. नववा हात राह्यला होता. कडुलिंबाच्या बुडाशी, गुडघ्यावर ठेवलेला, उजवा. अंगठ्याजवळ दोरीचा घट्टा, करंगळीले मरळ चावल्याचा वन. त्या हाताले मी सव्वीस वर्सं भात वाढला. पह्यले तं मी त्याच्यावरून नजर पुढं नेली, खरंच सांगते. असं होऊच शकत नाई म्हनून नेली.

मंग परत आनली.

तो माह्याकडं न पाहता म्हने, "तलाव तं जानारच होता, तारा. चौकीदारी देतो म्हने. पंधराशे महिना."

दोनदा चाहा पेला होता त्या मुनीमानं, माह्या हातचा. साखर टाकून.

साऱ्या बाया माह्याकडं पाहून राह्यल्या होत्या. वच्छला जवळ आली, तिनं माहा पदर धरला. महिन्यानंतर पह्यल्यांदा ती मायेनं बोलली. "ऱ्हाऊ दे वं. हे नाव नको घेऊ."

म्या पदर सोडवून घेतला.

"इस्तारी," म्या म्हटलं. "हात खाली."